जळगावात कॅटमिंट एकदा लावून विसरून जाता येईल का?

तुमचा प्रश्न असा: जळगावला फाटकापासून ओट्यापर्यंत उन्हाचा एक पट्टा रिकामा आहे, तिथे कॅटमिंट, म्हणजे तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं, निळ्या फुलांचं आणि मांजरांना वेड लावणारं झाड लावलं तर ते फारशी देखभाल न करता वर्षानुवर्षं टिकेल का? आणि घरात मांजरं आहेत, त्यांचं काय?

लागेल, वाढेल, फुलेलही. पण विसरून जाता येणार नाही. मी अमळनेरला घरामागच्या जागेत ते लावते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या झाडाची कमी कष्टाचं म्हणून जी ख्याती आहे ती थंड मुलखातली, आणि तिथे ती खरी आहे. हिवाळ्यात ते बर्फाखाली जमिनीलगत वाळून पडतं, थंडी सरली की बुडापासून पुन्हा फुटतं. पाणी कमी लागतं, खत जवळजवळ नकोच. उलट जास्त खत घातलं तर फांद्या लांबून मधूनच लोळतात. त्याच्या ‘वॉकर्स लो’ या वाणाला २००७ साली अमेरिकेत त्या वर्षीचं बहुवर्षायू झाड म्हणून मान मिळाला होता.

आपल्याकडे लोक आधी मे महिन्याला घाबरतात. पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा पानं बारीक होतात, वाढ थांबते, हे खरं. पण दुपारनंतर सावली आणि ठिबकचं थोडं पाणी मिळालं तर झाड तग धरतं. ते मरतं ते ऑगस्टमध्ये. आपला पाऊस काही फार नाही, सगळा मिळून ७०० मिलिमीटरच्या आसपास; पण काळी माती तो धरून ठेवते. उन्हाळ्यात जिच्या भेगांत हात जाईल अशी ही जमीन पावसाळ्यात फुगून बंद होते आणि मुळांना हवाच मिळत नाही. वरची पानं हिरवी दिसत असतात, म्हणून कळतही नाही. फांदी जरा ओढून बघावी, तर ती बुडापाशी काळी, मऊ पडलेली असते आणि अलगद हातात येते. त्यानंतर काही करता येत नाही.

म्हणून सगळी मेहनत निचऱ्यावर घाला. लावायच्या जागी फूटभर खड्डा खणून पाण्याने भरा. दोन-तीन तासांत पाणी मुरलं तर उत्तम. दुसऱ्या दिवशीही तळाशी दिसलं तर जमिनीत लावूच नका. वर फूटभर उंचीचा गादीवाफा करा. मी निम्मा बारीक मुरूम, उरलेल्यात माती, वाळू आणि मूठ-दोन मूठ जुनं शेणखत घेते. बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन करू नका, ओल धरतं. त्याजागी बारीक खडी पसरा. शिवाय पावसाळ्यापुरती दोन-चार रोपं कुंडीत करून पत्र्याखाली ठेवा. वाफ्यातली गेली तरी वाण हातचा जात नाही.

वेळापत्रकही आपलं वेगळं. या झाडाचा वसंत आपल्याकडे दिवाळीनंतर सुरू होतो. तेव्हा लावलं की थंडीभर ते भराभर पसरतं. पहिला बहर ओसरला की निम्म्याने छाटा, पुन्हा फुटवे येतात. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास मात्र कात्री लावू नका; त्या उन्हात उघडं पडलेलं खोड करपतं.

बियाण्याबद्दल एक महत्त्वाचं. बागेत शोभेला लावतात ते कॅटमिंट बहुतेक ‘फासेनी’ नावाचं संकरित असतं आणि त्याला रुजणारं बी धरत नाही. ते फांदीच्या कलमाने किंवा गड्डा फोडूनच वाढवतात. त्यामुळे बियांच्या पाकिटातून बहुधा पांढरट फुलांचं, उंच वाढणारं कॅटनिप, म्हणजे त्याचंच भाऊबंद, निघतं. निळा पट्टा हवा असेल तर रोप किंवा कलमच मागा.

मांजरांचं म्हणाल तर त्यांना अपाय नाही. फार खाल्लं तर एखादी उलटी होते, एवढंच. पानात नेपेटालॅक्टोन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या वासाने साधारण तीनपैकी दोन मांजरं लोळतात, अंग घासतात, आणि दहा-पंधरा मिनिटांत शांत होतात. उरलेल्यांना काहीच वाटत नाही. ते उपजतच असतं. त्रास होतो तो झाडाला, कारण कोवळं रोप ती अक्षरशः दाबून बसतात. रोप वीतभर होईस्तोवर भोवती बाभळीच्या काट्या रोवा. याच वासाने डासही दूर राहतात, पण पान चुरगळलं तर. झाड नुसतं अंगणात असल्याने डास कमी होत नाहीत.

आता माझं खरं मत. तुम्हाला जर निळसर फुलं, मधमाश्या आणि बिनकष्टाचं झाड एवढंच हवं असेल, तर त्या पट्ट्यात निर्गुंडी लावा. तीही तुळशी-पुदिन्याच्याच कुळातली. नाल्याकाठी आपोआप वाढते, काळ्या मातीचं आणि मे महिन्याचं तिला काही वाटत नाही, आणि शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, ही फाटकाजवळच्या झाडाला फार मोठी सोय. पाऊस सुरू झाला की बोटाएवढी जाड फांदी खोचली तरी जगते. फक्त ती माणसाच्या उंचीच्या वर जाते, म्हणून दरवर्षी गुडघ्याएवढी छाटून घ्या. नव्या फुटव्यांवर फुलांचे तुरे येतात. कॅटमिंट हौसेने ओट्याजवळ, गादीवाफ्यावर, जिथे रोज नजर पडते तिथे ठेवा.

तुमच्याकडची माती काळी आहे की मुरमाड, आणि पट्ट्यावर दुपारी सावली येते का, एवढं लिहिलंत तर वाफा कोणत्या बाजूला करायचा ते सांगते.