मार्पलबाईंची सुरुवात कुठून करावी?

ॲगाथा ख्रिस्तीच्या रहस्यकथांतली म्हातारी हौशी गुप्तहेर मिस मार्पल कुठून वाचायला घ्यावी, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तिच्या कादंबऱ्या १९३० च्या ‘मर्डर ॲट द व्हिकारेज’पासून क्रमाने वाचायचा हट्ट धरू नका. मी धरला होता. तिची ती पहिली कादंबरी खरी, पण त्यातली म्हातारी जरा खवचट आहे, आणि गोष्ट पाद्रीबुवा सांगत असल्याने ती दुरूनच दिसते.

त्यापेक्षा १९५० ची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ घ्या. गावच्या वर्तमानपत्रात खुनाची आगाऊ जाहिरात येते, तारीख-वेळेसकट, आणि शेजारीपाजारी काहीबाही निमित्त काढून हजर! पहिलं प्रकरण घरोघर हिंडवतं, तेव्हा नावं कागदावर लिहून ठेवा (मी बुकमार्कवरच लिहिते). महायुद्ध संपून काही वर्षं झालीत, तरी रेशन चालूच आहे. पूर्वी गावात प्रत्येकाची कुंडली ठाऊक असायची. आता नव्याने राहायला आलेला माणूस स्वतःबद्दल सांगेल ते खरं मानावं लागतं. सगळं रहस्य त्या फटीत दडलंय. त्यामुळे चहाच्या, लोण्याच्या, कोळशाच्या गप्पा कंटाळवाण्या वाटल्या तरी गाळू नका. खुनाच्या जागेपेक्षा त्या गप्पांकडे मी जास्त लक्ष देते.

१९६२ ची ‘द मिरर क्रॅक्ड फ्रॉम साइड टू साइड’ मात्र इतक्यात नको. मिस मार्पलच्या गावाला, सेंट मेरी मीडला, खेटून नवी वसाहत उभी राहिल्याची त्यातली हुरहूर जुनं गाव आधी पाहिलेलं असेल तरच पोचते. टीव्हीवरची रूपांतरं कादंबरी संपल्यावर बघा.