सगळे मलाच सांगतात, मग समुपदेशक का होऊ नये?

पत्र : ताई, मी कळव्याला राहते आणि ठाण्याच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मैत्रिणींपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे मलाच आपली दुःखे सांगतात. आईला काही वर्षांपासून नैराश्याचा त्रास आहे. औषधे चालू आहेत, पण तिची समजूत घालण्याचे काम माझ्याकडेच असते. मला समुपदेशक व्हायचे आहे. बाबा म्हणतात, लोकांची रडगाणी ऐकून पोट भरत नाही, बी.एड. कर. शनिवार-रविवारच्या सहा आठवड्यांच्या एका ऑनलाइन कोर्सनंतर ‘प्रमाणित समुपदेशक’ होता येते असे कळले. तो करून लगेच काम सुरू करू का?

उत्तर : नको. कोर्स ओळख करून घेण्यासाठी हवा तर कर, पण त्याच्या जोरावर कोणाला पैसे घेऊन सल्ला देऊ नकोस.

लोक तुझ्यापाशी मन मोकळे करतात, हा गुण खराच आहे आणि तो सर्वांपाशी नसतो. मात्र मैत्रिणीचे ऐकताना तू तिची बाजू घेतेस, धीर देतेस, उपाय सुचवतेस, आणि नेमक्या याच सवयी प्रशिक्षणात आधी सोडाव्या लागतात. चांगल्या एम.ए. अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला आपल्या सत्रातील संभाषण शब्दशः लिहून काढावे लागते आणि पर्यवेक्षक त्यातील एकेका ओळीवर बोट ठेवतात. समोरचा माणूस म्हणतो, “आई गेली तेव्हा मी गावाला होतो”, आणि विद्यार्थी घाईने उत्तरतो, “तुमचा काय दोष त्यात?” पर्यवेक्षक तिथेच थांबवून विचारतात की हे वाक्य त्याच्यासाठी होते, की तुला ती शांतता सहन झाली नाही म्हणून? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये समुपदेशकाकडून विनाअट स्वीकार, समानुभूती (समोरच्याच्या जागी जाऊन त्याला समजून घेणे) आणि प्रामाणिकपणा यांची अपेक्षा मांडली. ऐकायला हे सोपे वाटते, पण ते अंगी बाणायला सहा आठवडे पुरत नाहीत.

वाटेविषयी थोडक्यात सांगते. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग कालिन्याला आहे, देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. नोकरी सांभाळून शिकण्यासाठी पूर्वी इग्नूचे दूरस्थ एम.ए. होते, पण २०२५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राच्या दूरस्थ अभ्यासक्रमांना नवे प्रवेश देण्यास मनाई केली आहे. कुठेही प्रवेश घेतलास तरी प्रत्यक्ष सरावाची सोय कशी आहे, हे आधी विचार. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचे असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. त्यासाठीचे एम.फिल. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मागे पडत आहे आणि अभ्यासक्रमांची रचना बदलते आहे, म्हणून सीनियरांच्या सांगण्यावर विसंबू नकोस. प्रवेशापूर्वी परिषदेच्या संकेतस्थळावर संस्थेची मान्यता स्वतः तपास.

आता तू पत्रात एका वाक्यात उरकलेली गोष्ट. आईची समजूत घालणे ही तुझी जबाबदारी कोणी ठरवली? मुलगी म्हणून तिच्यापाशी बस, तिला फिरायला ने, गोळ्यांची आठवण दे. पण ज्या घरात तू जेवतेस, रुसतेस आणि कधी आईवरच चिडतेस, त्या घरात तू तिची समुपदेशक होऊ शकत नाहीस. मुरलेले व्यावसायिकसुद्धा आपल्या माणसांवर उपचार करत नाहीत. तिच्या मानसोपचारतज्ज्ञांना भेटून औषधांच्या जोडीला बोलण्याचे उपचार सुरू करता येतील का, असे स्पष्ट विचार. ठाण्यात यासाठी लांब जावे लागणार नाही: डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आय.पी.एच. (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्यासाठीची संस्था आहे, प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभागही आहे. रात्री-अपरात्री तुझा धीर सुटला तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर तूही फोन करू शकतेस. ती सेवा फक्त रुग्णांसाठी नाही. शिवाय या क्षेत्रात येण्याची तुझी ओढ आईला बरे करण्याच्या इच्छेतून आलेली असेल, तर एम.ए.ला बसण्यापूर्वी स्वतः एखाद्या समुपदेशकाकडे काही सत्रे घे. त्यात कमीपणा काही नाही, आणि त्या खुर्चीवर बसल्यावर कसे वाटते, हे पुढे तुला उपयोगी पडेल.

बाबा अगदीच चुकत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत मिळकत बेताचीच असते, आणि हे त्यांच्यापासून लपवलेस तर दुसऱ्या वर्षी भांडण ठरलेले. सीबीएसईच्या शाळांना समुपदेशक नेमावा लागतो आणि नवी मुंबईत अशा शाळा पुष्कळ आहेत, हे त्यांना सांग. दोन वर्षांची फी, लोकलचा पास आणि त्या काळात शिकवण्यांतून तू किती मिळवू शकशील, हा हिशेब एका कागदावर मांडून त्यांच्यापुढे ठेव. आणि बी.एड.चा विचार मनात अजून असेल तरच ‘बघू’ म्हण. नसेल तर त्यांना नुसते झुलवत ठेवू नकोस.