चपलेचा फोटो बदलला, तरी गिऱ्हाइकाला जुनाच का दिसतो?

भावा, कोल्हापुरातल्या चप्पल लाइनमधल्या दुकानाची साइट आहे, मालकानं कापशी चपलेचा नवा फोटो चढवला आणि गिऱ्हाइकाला अजून जुनाच दिसतोय म्हणतोस. तुझ्या फाइलचं नाव दरवेळी 'कापशी.जेपीजी'च राहतंय ना? मग ब्राउझरनं ती एकदा साठवली की मुदत संपेपर्यंत तो सर्व्हरला विचारायलाही येत नाही.

अपलोड होतानाच फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारा ठशासारखा कोड, काढ आणि त्यातली पहिली १२-१५ अक्षरं नावात घाल. फोटो बदलला की हॅश बदलतो, म्हणजे पत्ताच नवा. मग कॅश-कंट्रोलमध्ये, म्हणजे फाइल किती वेळ साठवायची हे ब्राउझरला सांगणाऱ्या हेडरमध्ये, मॅक्स-एज (मुदत) ३१५३६००० सेकंद, म्हणजे वर्षभर, आणि सोबत इम्युटेबल (ही फाइल बदलणार नाही अशी खूण) बिनधास्त लाव. एचटीएमएल पानाला मात्र ही मुदत चुकूनही लावू नकोस, नाहीतर नवा पत्ता कुणाला कळायचाच नाही. तिथं नो-कॅश ठेव. त्यात पान साठतं, पण दरवेळी सर्व्हरला विचारूनच दाखवलं जातं.

आणि फोटो पीएचपीतून वाचून पाठवत असशील तर ते आधी बंद कर, ते काम एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं. मालक मोबाइलमधला पाच एमबीचा फोटो तसाच चढवणार, हे धरूनच चाल. अपलोडवेळीच ४८० आणि १२०० पिक्सेल रुंदीच्या वेबपी (हलक्या फाइलचा फोटो-प्रकार) प्रती करून ठेव.