अंधुक लेण्यात कॅमेरा हातात धरून

अजिंठ्याच्या लेण्यांत काढलेली आपली छायाचित्रे हलली, असे आपण कळवले आहे. तिथे फ्लॅश चालत नाही आणि कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडे राहते, त्यामुळे ती हलली यात नवल नाही. ५० मिमी लेन्सला १/५० सेकंद ही हातात धरून शटर उघडे ठेवण्याची साधारण मर्यादा समजावी. लेन्समध्ये कंपनरोधक यंत्रणा असल्यास १/१० पर्यंतही जाता येते, मात्र चालणारा माणूस तिच्यामुळे स्थिर होत नाही.

डावा तळहात लेन्सखाली ठेवून, कोपरे बरगड्यांना टेकवून, श्वास हळू सोडताना बटण झटका न देता दाबावे आणि सलग तीन-चार छायाचित्रे घ्यावीत, कारण पहिले बोटाच्या दाबाने बहुधा हलते.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका दोन:
- हात लांब करून पडद्यात पाहणे.
- दाण्यांच्या (चित्रातील बारीक ठिपक्यांच्या) भीतीने आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) ४०० वरच ठेवणे. ३२०० खुशाल वापरा. दाणे पुढे कमी करता येतात, हललेले चित्र सहसा सुधारत नाही.