पोलोला ट्रॅकसाठी ट्युब्युलर लोअर आर्म टाकावेत का?

तुम्ही विचारलंय: २०१३ ची फोक्सवॅगन पोलो आहे, कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग-शॉक) टाकून झालेत, वर्षातून तीन-चार ट्रॅक डे होतात, वळणात नाक बाहेर जातं; ट्युब्युलर लोअर आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे, पत्र्याऐवजी पाइपचे) टाकले तर फरक पडेल का?

आत्ता तरी नका टाकू. मी टाकायला निघालो होतो, म्हणून सांगतो.

पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र असलेला उभा खांब. त्यामुळे प्रत्येक बाजूला एकच आर्म, खालचा. वरचं काम स्ट्रटच करतो. कंपनीचा पत्र्याचा आर्म दिसायला किडकिडीत, म्हणून पहिला संशय त्याच्यावर जातो. पण तो सहसा वाकत नाही. दबतो तो त्यात बसवलेला रबरी बुश, म्हणजे सांध्यातली रबराची जाड नळी. पुढचा बुश वळणातला आडवा भार घेतो. मागचा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, खड्ड्यात चाक आपटलं की ते जरासं मागे सरकावं आणि हिसका आत येऊ नये म्हणून. आपल्या रस्त्यांवर हे वरदानच. ट्रॅकवर मात्र जोरात ब्रेक मारला की तोच बुश दबतो, चाकाचा टो (वरून पाहिलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय ते) बदलतो आणि स्टीअरिंग हातात वळवळायला लागतं.

माझी गाडी कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर हेच करत होती. ट्रॅक जेमतेम २.१ किलोमीटरचा, त्यामुळे तोच ब्रेकिंग पॉइंट दिवसभरात शंभरदा येतो आणि दुर्लक्ष करता येत नाही. पुण्याला परत आल्यावर गाडी रॅम्पवर घेतली. मेस्त्रींनी आर्म आणि सबफ्रेम (आर्म ज्याला बसतो ती खालची चौकट) यांच्या मधे पहार घालून नुसती टेकवली, तर मागच्या बुशचं रबर अर्धं सुटलेलं, फटीत रुपयाचं नाणं उभं राहील एवढं. आणि हे बुश बदलून सहाच महिने झाले होते!

चूक बुशची नव्हती. आधीच्या गॅरेजवाल्याने चाकं लोंबकळत असतानाच आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले होते. रबरी बुश फिरत नाही, पिळला जातो. लोंबकळत्या स्थितीत आवळला की गाडी जमिनीवर टेकल्याक्षणी तो पिळलेलाच राहतो, उभ्या गाडीतसुद्धा. बोल्ट नुसते लावून ठेवायचे, चाकांवर वजन आलं की मगच टॉर्क द्यायचा. समोर उभं राहून करून घ्या. 'होतं हो साहेब, काही होत नाही' असं ऐकू आलं तर चावी परत मागा.

म्हणून पहिला खर्च बुशवर. ट्रॅकवर गाडी चालवत जाऊन चालवतच परत येणार असाल तर पॉलियुरेथेन बुश पुरे. ते रबरासारखे पिळले जात नाहीत, नळीवर फिरतात, त्यामुळे ग्रीस लागतं, नाहीतर पावसाळ्यानंतर स्पीड ब्रेकरवर जुन्या पलंगासारखे कुरकुरतात. बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा, पोलोत आर्मला तीन बोल्टने वेगळा लागतो, तो गेला तर आख्खा आर्म घ्यायची गरज नाही.

आता नाक बाहेर जाण्याबद्दल. हा बहुतेक कॅम्बरचा, म्हणजे चाकाच्या उभ्या कलाचा प्रश्न आहे; उणे म्हणजे चाकाची वरची बाजू आत. ट्रॅकवरून पिटमध्ये आल्या आल्या टायरचं तापमान तीन ठिकाणी घ्या: बाहेर, मधे, आत. सुई टोचून मोजायचं यंत्र मिळतं, लेझरवालं फक्त वरची कातडी बघतं. माझं पुढच्या टायरचं बाहेर ८८, मधे ७९, आत ६८ अंश आलं. म्हणजे टायर बाहेरच्या कडेवर उभा होता आणि आतली बाजू फुकट फिरत होती. कंपनीचा कॅम्बर उणे अर्ध्या अंशाच्या आसपास असतो, तेवढ्यावर दुसरं होणार काय? स्विफ्टसारख्या गाडीत स्ट्रट नकलला (चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याला) दोन बोल्टने लागतो, तिथे कॅम्बर बोल्ट टाकून थोडं काम भागतं. पोलोत स्ट्रट नकलमध्ये सरकवून क्लॅम्प केलेला, तो रस्ता बंद. कॉइलओव्हर आहेतच, तर वर कॅम्बर प्लेट टाका, तिने स्ट्रटचं वरचं टोक आत सरकवता येतं. मी उणे अडीच अंशावर आणलं, टो शून्य. नाक वळायला लागलं. रोजच्या वापरात टायर आतून खातील ही भीती लोक कॅम्बरची घालतात, पण टायर जास्त खातो तो चुकलेला टो.

आणि एक, थोडं टोचेल असं. कॉइलओव्हर टाकल्यावर गाडी किती खाली बसवलीत? गाडी सपाट जागेवर उभी करून खाली वाकून बघा. आर्मचं चाकाकडचं टोक आतल्या टोकापेक्षा वर गेलं असेल तर तुम्ही फोटोसाठी पकड विकली आहे. मूळ उंचीवर चाक वर दबताना आर्म उणे कॅम्बर थोडा वाढवतो. आडव्याच्याही वर गेला की तोच आर्म कॅम्बर काढून घ्यायला लागतो. शिवाय रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा झपाट्याने खाली जातं आणि खाली बसवलेली गाडी उलट जास्त कलंडते. दहा-पंधरा मिलिमीटर वर घ्या, पैसे लागत नाहीत.

हे सगळं करून कॅम्बर प्लेट शेवटपर्यंत सरकली आणि बाहेरची कड अजूनही तापत असेल, तेव्हा लांबी कमी-जास्त करता येणारे आर्म बघा. त्यात 'रोज जॉइंट' (रबराऐवजी धातूच्या गोळ्याचे सांधे) येतात: ढिलाई शून्य, पण धूळ-पाण्यात लवकर खुळखुळतात आणि प्रत्येक खड्डा दातांपर्यंत पोचवतात. आर्म लांब केला की चाक बाहेर जातं, ड्राइव्हशाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) आतल्या जॉइंटला सरकायला जागा उरते का ते तपासा. आणि ओळखीच्या वेल्डरकडून पाइप कापून करून घेण्याचा विचार असेल तर तो सोडा. कर्बवर आपटलं की पत्र्याचा आर्म वाकतो, स्टीअरिंग तिरकं होतं, तुम्हाला कळतं. कच्चं वेल्डिंग सरळ तुटतं, आणि चाक व्हील आर्चमध्ये दुमडतं.

मी हौसेने घेतलेली जोडी अजून माळ्यावर आहे, खोक्यातून बाहेर काढलेली नाही.