दोष नव्हे, लपवाछपवी सिद्ध करायची आहे

जुनी गाडी घेतल्यावर विक्रेत्यानं अपघात लपवल्याचा संशय आला, तर गाडीला आत्ताच पाना लावू देऊ नका. दुरुस्ती झाली की पुरावा गेला. आधी त्रयस्थ मेकॅनिककडून लेखी अहवाल घ्या. कंपनीचा रंग साधारण 100 ते 180 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. एखाद्या दारावर 600 निघाले, तर खाली बहुधा पुट्टी आहे, म्हणजे दार ठोकून-भरून दुरुस्त केलंय. बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट खरवडलेले असतील, म्हणजे बॉनेट कधी खोललं असावं, तर फोटो काढा. ‘आहे त्या स्थितीत’ असं लिहून घेतलं असलं, तरी विक्रेत्यानं माहीत असून खोटं सांगितलं हे दाखवता आलं, तर ते कलम त्याला सहसा वाचवत नाही. म्हणून जाहिरातीचा स्क्रीनशॉट, ‘अपघात नाही’ असे मेसेज जपा. गाडी विक्रेत्याकडे असतानाचा विम्याचा क्लेम सापडला तर सोन्याहून पिवळं. मग मुदत देऊन लेखी नोटीस पाठवा: व्यवहार रद्द करून पैसे परत, नाहीतर दुरुस्तीइतकी भरपाई. रद्द करायचा असेल तर तोवर गाडी उभीच ठेवा. वापरत राहिलात, तर ‘दोष मान्य होता’ असा युक्तिवाद समोरून होतो.