जुना बेंच व्हाइस सँडब्लास्ट करून पावडर कोट करून घेऊ का?

तुम्ही विचारलंय की पुण्याच्या जुना बाजारातून गंजलेला व्हाइस (काम घट्ट धरायचा टेबलावरचा शिकंजा) मिळाला, त्यावर 'रेकॉर्ड' असं इंग्लिश कंपनीचं नाव अर्धवट वाचता येतंय. तो अस्सल आहे का, किती सालचा आहे, आणि भोसरीत नेऊन सँडब्लास्ट (वाळूच्या झोताने साफ) आणि पावडर कोटिंग (भट्टीत पक्का होणारा पावडरचा रंग) करून घेऊ का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. नका करू. निदान हे वाचून होईपर्यंत तरी करू नका.

माझ्याकडे रेकॉर्डचा 5 नंबर होता, म्हणजे पाच इंची जॉ (काम पकडणारा जबडा). होता म्हणतोय, कारण आता जे टेबलावर बसलंय त्याला मी तो व्हाइस मानत नाही. वडील पिंपरीत फिटर होते. 1978 साली एका रविवारी त्यांनी तो जुना बाजारातून 110 रुपयांना घेतला आणि सायकलच्या कॅरिअरवर दोरीने आवळून संगम पूल, वाकडेवाडी, खडकी करत दापोडीला आणला. हॅरिस पुलाच्या अलीकडे कॅरिअर वाकलं, तिथून पुढे सायकल हातात धरून चालत. आई म्हणाली, एवढ्या पैशांत मिक्सरचा पहिला हप्ता भरला असता. ते ती शेवटपर्यंत म्हणत होती.

त्या व्हाइसच्या फिक्स, म्हणजे न हलणाऱ्या जॉच्या मागे, वरच्या सपाट भागावर, कोंबडीच्या पायासारखा तीन रेघांचा बाण होता आणि शेजारी 43, म्हणजे 1943 साल. हा बाण म्हणजे ब्रिटिश सरकारची मालमत्ता असल्याची खूण. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना 1869 पासून, शिवाय लष्कराची वर्कशॉप्स, त्यामुळे पुण्याच्या भंगारात असा बाणवाला माल अधूनमधून निघतो. त्याच्याखाली वडिलांनी नंबर पंचने (हातोडीने आकडा ठोकायचा छाप) स्वतःचा कंपनीतला बिल्ला नंबर मारला होता, 317. तीनचा पंच जरा तिरका बसला होता. फिटर माणसाला ते आयुष्यभर सलत होतं.

2016 साली मेहुणा म्हणाला, "दाजी, हा गंजका गोळा मला द्या, आठ दिवसांत नव्यासारखा करून आणतो." मुलगा मनाने चांगला आहे, हेही लिहून ठेवतो, कारण तो हे वाचणार आहे. त्याने तो एका ओळखीच्या कोटिंगवाल्याकडे टाकला. तिथे वरच्या बाजूला खड्डे आहेत म्हणून आधी फ्लॅप डिस्क (ग्राइंडरची घासायची चकती) फिरवली, मग ब्लास्टिंग, मग पावडर. बाण गेला, 43 गेलं, 317 गेलं.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. त्यांनी व्हाइस पूर्ण खोललाच नव्हता. ब्लास्टिंगची वाळू बॉक्स नटमध्ये, म्हणजे स्पिंडल (आवळायचा मोठा स्क्रू) ज्यात फिरतो त्यात, तशीच राहिली. स्पिंडल फिरवला की पाट्यावर मीठ वाटल्यासारखा आवाज. मूव्हेबल जॉची सरकपट्टीही, म्हणजे ज्या दांड्यावर तो जॉ आत-बाहेर सरकतो तीही, झाकून न ठेवता रंगवलेली. पावडरचा थर साधारण 60 ते 100 मायक्रॉनचा, तो पट्टीच्या चारही अंगांना आणि आतल्या खाचेलाही बसला, मग पट्टी आत जाईना. तेव्हा त्या महाभागांनी ग्राइंडरने पट्टीच उतरवली! आता जॉ उघडला की डावीउजवीकडे डुलतो. ज्या व्हाइसवर वडील चाव्यांना बारीक कानस मारायचे, त्यावर आज मी फार तर नळाची तोटी धरतो.

मेहुण्याचं म्हणणं आजही तेच. "शोरूमपीस झालाय, दाजी. आणि नंबरच हवा असेल तर पंचचा सेट आणतो, 317 मारून देतो ना." याला काय उत्तर द्यायचं मला दहा वर्षांत सुचलेलं नाही. म्हणून इथे देतोय.

आता तुमचा व्हाइस. साफ करायच्या आधी वाचा. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं, पितळी ब्रश आणि लाकडाची चपटी काडी, एवढ्यानेच मळ काढा. उठावाच्या अक्षरांवर खडू आडवा घासला की अर्धवट नाव पूर्ण वाचता येतं. रेकॉर्ड म्हणजे शेफील्डच्या सी अँड जे हॅम्प्टन कंपनीचा माल. अक्षरं ओतीव असतात, कडा स्वच्छ, आणि जवळपास मॉडेल नंबर. 1 नंबर तीन इंची, 3 चार इंची, 5 पाच इंची, 6 सहा इंची. नंबर 3 दिसतोय आणि जॉ मोजल्यावर साडेपाच इंच भरतोय, तर काहीतरी गडबड आहे. शेफील्ड नसून शिप्ली लिहिलेलं निघालं तर तो पार्किन्सन कंपनीचा, आणि मग नशीब काढलंत. त्याचा क्विक रिलीजचा (न फिरवता जॉ झटकन सरकवायच्या सोयीचा) अर्धा नट शाबूत आहे का ते आधी बघा. आणि कुठे आयएस 2586 असं दिसलं तर इंग्लंडचा विषय संपला, तो आपला भारतीय मानकाचा व्हाइस. त्यात वाईट काही नाही, माझ्या टूलरूममध्ये निम्मे तेच होते. फक्त निळा रंग बघून रेकॉर्डचा भाव देऊ नका. निळा डबा कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

जॉ-प्लेटचे स्क्रूही बोलतात. जुन्या इंग्लिश मालात व्हिटवर्थ आटे, 55 अंशाचे. मेट्रिक 60 अंशाचे. नवा मेट्रिक स्क्रू एक-दोन आटे गोडीत जाऊन अडला तर पान्याने रेटू नका, आतले आटे खाल्ले की ड्रिल आणि टॅप करण्याशिवाय, म्हणजे नवे आटे पाडण्याशिवाय, गत्यंतर नाही. ॲलन स्क्रू दिसले तर प्लेट कधीतरी बदललेली असण्याची शक्यता बरीच.

साल मात्र बहुतेक व्हाइसवर लिहिलेलं नसतंच. सरकारी बाण असेल तर शेजारचे दोन आकडे बघा, ते बहुतेक साल असतं. अमेरिकन विल्टन कंपनीचा व्हाइसवाले सुखी. त्यांच्या सरकपट्टीच्या खालच्या अंगाला तारीख पंच केलेली सापडते, आणि काहींवर गॅरंटी संपायची तारीख असते, त्यातून पाच वर्षं वजा करायची. आपल्याकडे रेकॉर्डवर असली चैन नाही.

मग तडा शोधा. बॉडी बिडाची (ओतीव लोखंडाची) असते, बीड वाकत नाही, फुटतं. रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडं पुसा, वर खडूची पूड भुरभुरवा. तडा असेल तिथे ओली रेघ उमटते. खास करून फिक्स जॉच्या मुळाशी आणि सरकपट्टीच्या खाचेच्या कोपऱ्यात बघा. पिवळी रेघ दिसली तर कुणीतरी पितळेने ब्रेझिंग केलंय, म्हणजे पितळ वितळवून तडा सांधलाय. तसा व्हाइस हलक्या कामाला चालतो, पण पूर्ण किंमत देऊ नका. हँडल वाकलेलं असेल तर मागच्या मालकाने पाइप घालून आवळलाय असं समजा, आणि स्पिंडल, नट दोन्ही नीट तपासा.

गंज काढायला मी इलेक्ट्रोलिसिस करतो. प्लॅस्टिकची बादली, चार-पाच लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, 12 व्होल्टचा जुन्या पद्धतीचा बॅटरी चार्जर. निगेटिव्ह व्हाइसला, पॉझिटिव्ह भंगार सळईला. उलटं लावलंत तर सळईऐवजी तुमचा व्हाइसच झिजेल, लक्षात ठेवा. रात्रभरात गंज काळा होऊन ब्रशने निघतो आणि पंच जसाच्या तसा राहतो, लोखंड खरवडलं जात नाही ना. बाहेर काढल्यावर धुवा, पुसा आणि लगेच तेल लावा. पावसाळ्यात तर चहा प्यायलाही जाऊ नका, तेवढ्यात पुन्हा तांबडा होतो. मग रेड ऑक्साइड प्रायमर आणि वर साधा इनॅमल, ब्रशने. सरकपट्टी, स्पिंडल आणि जॉची तोंडं यांना रंगाचा थेंबही नको, तिथे ग्रीस.

हो, राहिलंच. सळईच्या जागी स्टेनलेसची डिश वापरू नका, पाण्यात क्रोमियमचं विष उतरतं. बादलीतून हायड्रोजन निघतो, म्हणून ती गच्चीवर किंवा उघड्यावर ठेवा आणि शेजारी बिडी पेटवू नका. आणि जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नका, घरात लहान मुलं असतील तर मुळीच नको. हे आधी सांगायला हवं होतं, पण मेहुण्यात वेळ गेला.

पावडर कोटिंग सगळीकडे वाईट असं नाही. बाल्कनीचं ग्रिल करा, सायकलची फ्रेम करा. व्हाइसचाही कराच म्हणालात तर पूर्ण खोलून फक्त बॉडी द्या, सरकायच्या जागा आणि आटे झाकून द्या, आणि फ्लॅप डिस्क लावणार नाही हे कबूल करून घ्या. देण्यापूर्वी जिथे जिथे पंच आहे तिथे कागद ठेवून पेन्सिल आडवी घासून ठसा घ्या. मी घेतला नव्हता.

फोटो टाकलेत तर आणखी सांगता येईल. पण समोरून फ्लॅश मारू नका, त्यात पंच पुसट होतो. खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने, अगदी आडवा धरा.